कडू तोंड आणि उद्धवरावांचं ‘छान’

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहिते आहे. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस बजावायच्या — तारीख आणि वेळ नसेल तर ती तक्रार नव्हे, ते रडगाणं!

तर ११.४० ला, चिंचवडच्या त्या चकाचक दवाखान्यात, एका कोवळ्या डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, “आजी, वयाप्रमाणे चव बदलते.” बारा दिवस तोंड कडू आहे माझं. जेवणानंतर तर कडुलिंब चघळल्यासारखं. याने जीभ बघितली नाही, दात बघितले नाहीत, गोळ्या कोणत्या घेता ते विचारलं नाही. आणि आजी कोणाची? सदुसष्ट वर्षांची आहे मी, याची कोणी लागत नाही!

उद्धवराव बाहेर बसले होते. “काय म्हणाले?”

“म्हणाले, म्हातारी झालात.”

“मग चुकलंच त्यांचं,” म्हणाले आणि रिक्षा बघायला गेले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

उद्धवरावांनी फारच मनावर घेतलंय. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी कुठे बिघाड दिसला की कागद आणि पट्टी. फ्रिजवर तक्ता लागलाय! संशयित — दात, पित्त, प्रेशरची गोळी, सायनस, पाणी कमी पिणे, जेवण. एकेक तपासायचं आणि खोडायचं.

‘जेवण’ आजच खोडलं. उसळ, काकडीची कोशिंबीर, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. शेंगदाण्याच्या कुटाचा डबासुद्धा नाकाखाली धरला. नवरात्राच्या उपासांना म्हणून केलं होतं, अजून अर्धा डबा आहे.

“कडू लागतंय का? नीट सांगा.”

“छान आहे.”

“आणि कुटाचा वास?”

“छान. ताजा.”

केसाएवढ्या चऱ्यासाठी ज्याने लोकांचे लॉटच्या लॉट परत धाडले, त्याने पास केलं म्हणजे पास. दोष माझ्याच तोंडात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दातांची डॉक्टर वर्षाली. गोड मुलगी. निदान तोंड उघडायला तरी लावते! दात ठीक, हिरड्या ठीक. खोडलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. प्रेशरची गोळी जुनीच आहे, तिचा हा गुण नव्हे म्हणाले. सायनसही नाही. पित्ताची गोळी सुरू, पाणी तांब्या तांब्याने. फरक शून्य.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहू की नको.

माझ्या थोरल्या बहिणीचं, निशिगंधाताईचंही असंच सुरू झालं होतं. “तोंड कडू आहे गं,” म्हणायची. आम्ही लिंबाची फोड द्यायचो चोखायला. चार महिन्यांनी यकृताचं कळलं. मग फार दिवस मिळालेच नाहीत.

तक्त्यावर ‘यकृत’ नाही. उद्धवरावांना ताईचं सगळं माहीत आहे — म्हणूनच नाही. मी पेन घेऊन फ्रिजपाशी गेले आणि तशीच परत आले. शेवटी तपासणीला रक्त देऊन आलो. जाताना त्यांनी रिक्षात माझा हात धरून ठेवला, रस्त्यात खड्डे आहेत म्हणे!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रिपोर्ट चांगला आला. उद्धवरावांनी तीनदा वाचला, मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तोंड मात्र कडूच. तक्त्यावर आता एकही संशयित नाही. म्हणजे तो पोरगा बरोबर होता? हे मला सहन होणार नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

भाजी घेऊन आले तर जिन्यातच करपल्याचा वास. शेजारच्या कुसुमताई माझ्या दारावर थापा मारत होत्या. “आवो ताई, तुमच्यातच काहीतरी जळतंय!”

किल्लीने दार उघडलं. गॅसवर दुधाचा कोळसा. आणि उद्धवराव त्याच स्वयंपाकघरात, गॅसकडे पाठ करून, रेडिओ मोठा लावून मटार सोलतायत!

“वास नाही आला?”

“सर्दी आहे गं जराशी.”

सर्दी! त्यांना डोळे मिटायला लावले. नाकाखाली हिंगाची डबी धरली. ओळखा. विचार करून म्हणाले, “हळद?” मग कॉफी धरली. हळूच म्हणाले, “...हळद?”

मग खाली बघत बोलले. एकवीसच्या एप्रिलमधल्या करोनाच्या तापापासून वास गेला, चव गेली. “तू दवाखान्यातून घरी आलीस. उभं राहवत नव्हतं, ओटा धरून खिचडी केलीस माझ्यासाठी. मला भुसा लागला. काय सांगणार होतो तुला? छान म्हणालो. मग दुसऱ्या दिवशी कसं बदलू?”

साडेचार वर्षं! रोज दोन वेळा!

“आधी मोजायचं गेज तपासा, मग माल नाकारा — हे अख्ख्या कंपनीला कोण सांगत फिरायचं?”

“मीच,” म्हणाले. एक मटार खाली पडला, तो वाकून शोधत राहिले. राग यायला हवा तेवढा येईना, म्हणून जास्तच राग आला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

म्हणजे तक्त्यावरचं ‘जेवण’ उगाच खोडलं होतं. कुसुमताईंना चिमूटभर कूट दिलं. थेट बेसिनकडे पळाल्या. “ह्ये खवट झालंय की ताई! कडूजहर! खाताय कसं तुमी?”

रोज खात होते. प्रत्येक भाजीत, कोशिंबिरीत. गॅसशेजारी ठेवलेला डबा, खवट होईल नाहीतर काय! जीभ माझी खरं बोलत होती, मीच तिला खोटं ठरवलं. त्यांनी छान म्हटलं ना!

डबा रिकामा करून घासला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तोंड स्वच्छ! दवाखान्याला पत्र लिहायला बसले. तारीख, वेळ — आणि नाव दुसरंच लिहिलं गेलं. फ्रिजवरचा तक्ता काढून तिथे लावलंय. नक्कल इथे:

श्री. उद्धवराव यांस — चव नसताना आपण साडेचार वर्षे ‘छान’ म्हणत आलात, हे दि. १६ रोजी उघड झाले आहे. नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सबब चालणार नाही. तापाच्या आधीची, माझ्या हातची कोणती चव आपल्याला अजून आठवते, ते सविस्तर, लेखी कळवावे. मुदत मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपारी बारा. ‘छान’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.