बारकीची बाजू

प्रिय बारके,

पाकिटावरचा छापील पत्ता पाहून विजेचं बिल समजून बाजूला टाकू नकोस. हे पत्र मी, तुझ्या ताईनं, स्वतः टाईप केलंय. तेही दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आणि तेही तुझ्या बाजूला. तुझी बाजू म्हणजे काय, ते पुढे येईलच. मला सगळं एकदम सांगता येत नाही हे तुला जन्मापासून माहीत आहे. दोन बोटांनी टाईप करतेय, त्यामुळे सकाळी दुकान उघडलं तेव्हा सुरुवात केली ती आत्ता कुठे इथवर आलेय. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना म्हटलं, जरा थांबा, पत्र लिहितेय. गिऱ्हाइकाला थांबा म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. दोघंही थांबले, हे विशेष.

तुला जाऊन पाच महिने झाले. आधी दुकानाची खबर देते. भरतकामाचं मोठं यंत्र ठणठणीत आहे. छोट्याची चौथी सुई अजूनही मनात येईल तेव्हाच चालते, मी तिच्याशी बोलणं सोडलंय. हिरव्या दोऱ्याच्या तीन छटा मी एकाच डब्यात ठेवल्या आणि आता त्या मला वेगळ्या करता येत नाहीत. ते काम तुझ्या डोळ्यांचं होतं. शेजारचा चावीवाला रोज कुलूप उघडता उघडता विचारतो, बारकी कधी येणार. मी रोज सांगते, पुढच्या आठवड्यात. पाच महिन्यांत किती आठवडे होतात हे त्यालाही कळतं आणि मलाही, पण तो भला माणूस आहे, वाद घालत नाही.

आता त्या दिवसाचं. ते टाळून पुढे जाता येणार नाही. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई साठ एप्रनांचा गठ्ठा घेऊन काउंटरपाशी उभ्या होत्या, मी मागून दोऱ्यांचं खोकं घेऊन आले, आणि बघते तर तू कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावून बसलेली आणि पडद्यावर नवी सिस्टिम बसवायची तयारी. खोकं मी तिथेच टाकलं. मोठं यंत्र फक्त जुन्या प्रोग्रॅमचं ऐकतं, जुना प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चालतो, आणि त्या जुन्या सिस्टिममध्ये माझे तीस वर्षांचे नमुने. अगदी पहिल्या वेड्यावाकड्या गुलाबापासूनचे. मला वाटलं, गेलं सगळं. तू 'पण ताई' म्हणालीस. तीनदा म्हणालीस, हे मी नंतर आठवून मोजलं. पण तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. मी पेन ड्राइव्ह उपटून काढला आणि मेट्रनबाईंसमोर म्हणाले, "हे दुकान मी उभं केलंय. तुला नवं काही करायचं असेल तर नवं दुकान शोध." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू तुझी छोटी कात्री पर्समध्ये टाकलीस, मेट्रनबाईंना सांगितलंस की एप्रन गुरुवारी मिळतील, आणि गेलीस. एप्रन गुरुवारीच मिळाले. निम्म्यांवरची नावं उताराला लागली होती, पण बाईंनी ते तसेच घेतले.

मग तुझा निरोप आला, पोचले, युनिफॉर्मच्या कारखान्यात काम मिळालं. मी उत्तर दिलं, बरं. एवढंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही नीट जळला नव्हता.

पण कॉम्प्युटरला माझ्या पिळाशी काय देणंघेणं? शाळांकडून चिन्हं यायची ती नव्या तऱ्हेच्या फाइलींत, आणि जुनी सिस्टिम ती उघडायलाच तयार होईना. दोन शाळा परत गेल्या. शेवटी मी ग्रंथालयात दर शनिवारी चालणाऱ्या वर्गाला नाव घातलं. 'कॉम्प्युटर, अगदी पहिल्यापासून.' मास्तर म्हणजे एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. शांत माणूस. चाळीस वर्षं अडकलेल्या माणसांना बाहेर काढलंय, त्यामुळे आमच्यासारख्यांची त्यांना सवय आहे. पहिल्याच दिवशी मी तुझा पेन ड्राइव्ह त्यांच्यापुढे ठेवला. दोन महिने तो दोऱ्यांच्या खोक्यात पडून होता. मी विचारलं, यानं माझं सगळं पुसलं गेलं असतं की नाही? खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं म्हणूनच मी तो घेऊन गेले होते.

त्यांनी तो लावला, आतलं वाचलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. आत नवी सिस्टिम होती, तुझे बारा नमुने होते, आणि तू लिहिलेलं एक पान. वर मथळा, 'ताईचा कॉम्प्युटर'. पहिली ओळ, आधी ताईच्या सगळ्या नमुन्यांची दुसरीकडे प्रत, मगच पुढे. दुसरी ओळ, जुन्या सिस्टिमला हात लावायचा नाही, नवी तिच्या शेजारी बसवायची. आणि सगळ्यात खाली, ताईला मोठी अक्षरं लागतात, ती आधी करून ठेवायची. मी मास्तरांना सांगितलं की मला सर्दी झालीय. ते म्हणाले, या खोलीत सगळ्यांनाच होते.

म्हणजे एका कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिम सुखानं नांदू शकतात, हे मला माझ्या साठीच्या उंबरठ्यावर कळलं. चालू करताना एक यादी येते, हवी ती निवडायची. तू हेच सांगत होतीस ना, तीन वेळा? मग मी ठरवलं की हे काम मीच करणार, तुझं पान समोर ठेवून. आधी नमुन्यांच्या दोन प्रती काढल्या, एक घरी, एक चावीवाल्याकडे. तो म्हणाला, दुकान फोडायला माझ्याइतकं सोपं कुणाला नाही, माझ्याकडे कशाला ठेवता? पण ठेवून घेतली.

दुसरी पायरी, हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. हे वाचून मी खूश. कापायचं काम ना, मग त्यात मला कोण शिकवणार? कापड बेतावं तशी बेतली. तीन भाग जुन्या सिस्टिमला, एक पट्टी नवीला, आणि दोन्हींच्या मधे थोडी जागा रिकामी सोडली. दुसऱ्या दिवशी मास्तर बघायला आले आणि विचारू लागले, हा मधला तुकडा कशाला? मी म्हटलं, शिवणीसाठी. काठ उसवायला नको. तो माणूस स्टुलावर बसला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. डिस्कला काठ नसतात म्हणे. मग पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, आणि एवढ्याशा जागेत नवीनं बसायचं कुठे? तिला श्वास तरी घेता येईल का?

ते गेले आणि मी दुकानाकडे पाहिलं. खिडकी माझ्या टेबलापाशी. पंखा माझ्या डोक्यावर. कपाटाचे चार खण माझे, एक तुझा, तोही खालचा. बावीस वर्षं तू त्या दारामागच्या कोपऱ्यात दिवा लावून बसलीस आणि मी कधी मोजलंसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली, बारके. सरळ लिहिते, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा बेतली. निम्मी निम्मी, मधे शिवण न सोडता.

पुढचं सगळं तुझ्या पानाबरहुकूम. चालू करताना ती वरच्या रांगेतली कळ पुन्हा पुन्हा दाबायची, म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. मला वाटलं एकदाच दाबायची. चार वेळा जुनी सिस्टिमच हजर, 'मी आहे की' म्हणत. पाचव्यांदा मी असे ठोके दिले की चावीवाला डोकावून गेला. मग तो प्रश्न आला, जुनीच्या शेजारी बसवू की सगळं पुसून बसवू? तू पानावर तिथे तांबड्या अक्षरांत लिहून ठेवलंयस, इथे घाई नको. मी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, पाणी प्यायले, पुन्हा वाचल्या, आणि 'शेजारी' दाबलं. मग वीस मिनिटं जागची हलले नाही. यादीत दोन्ही नावं दिसली आणि जुनीत जाऊन गुलाब बघितला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक गंमत राहिली. दोघींचं घड्याळ जमेना. एक दुपार म्हणायची तेव्हा दुसरी पहाट. हिनं लावलं की ती बिघडवायची. मास्तर म्हणाले, एकीला दुसरीचं ऐकायला सांगावं लागेल. नवीला सांगणं एका ओळीचं काम आहे, जुनीला सांगायचं तर जरा आत शिरावं लागतं. मी म्हटलं, जुनीला सांगा. तास गेला, पण ऐकलं तिनं.

आता रोज सकाळी तास-दोन तास मी तुझ्या बाजूला, म्हणजे नव्या सिस्टिमवर असते. शाळांच्या फाइली तिथे उघडतात. अक्षरं मोठी केलीत. तिथल्या भरतकामाच्या नव्या प्रोग्रॅममध्ये नमुना टाक्याटाक्यानं भरला जाताना दिसतो, ठाऊक आहे ना तुला? मी तुझे बाराही नमुने तसे बघितले. त्या वेलीच्या प्रत्येक पानाच्या टोकाशी तू टाक्याची दिशा वळवतेस, म्हणून कापड गोळा होत नाही. माझी पानं तीस वर्षं गोळा होतायत आणि मी कापडवाल्याशी भांडतेय. नाचता येईना अंगण वाकडं. तू हे मला कधी दाखवलं नाहीस, की दाखवलंस आणि मी बघितलं नाही? उत्तर मला माहीत आहे. काल तुझी वेल छोट्या यंत्रावर काढली आणि टेबल सरकवून खिडकीपाशी जागा केली, कारण तिथल्या उजेडात ती नीट दिसते. माझं टेबल आता दारामागे आहे. तिथे फार अंधार असतो, बारके.

आता हे पत्र का ते लिहिते. परवा दुपारी तुझ्या कारखान्यातून फोन आला, नोकरभरतीचं काम बघणाऱ्या बाईंचा. सोमवारी तुला कायम करायचे कागद तुझ्यापुढे ठेवणार आहेत, त्याआधी जुन्या ठिकाणी तुझं काम कसं होतं एवढंच त्यांना विचारायचं होतं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, नुसतं 'ठीक होतं' म्हटलं तर ही परत येईल. क्षणभरच आलं, पण आलं. मग मी म्हणाले, "तिला मी शिकवलं, पण ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तिच्याइतका चांगला हात मी पाहिलेला नाही." त्या बाई म्हणाल्या, "हे तिला माहीत असेलच." मी घाईघाईनं फोन ठेवला. कारण तुला माहीत नाही. बावीस वर्षांत मी ते तुला एकदाही सांगितलं नाही, आणि एका अनोळखी बाईला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. दुकान मी एकटीनं उभं केलं हेही खोटं, ते तुझ्या हातावर उभं आहे. तिथे सही करावीशी वाटली तर खुशाल कर, मी अडवणार नाही, माझ्या शब्दानंच ती नोकरी पक्की होईल आणि मला त्याचा आनंदच आहे. यावंसं वाटलं तर ये. पण सोमवारच्या आधी हे वाच, माझ्याकडून वाच. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि त्या दिवशी मी चुकले.

तुझीच, चुकलेली आणि तरीही थोरलीच,
ताई