हातावरची सूज

म्हसवड, मंगळवार. नोव्हेंबर १९९६

आईनं आज माझा हात उजेडात धरून पाहिला. म्हणाली, "उतरली गं सूज. बरं झालं. आता सासरी जायला हरकत न्हाई." मी हात पदराखाली घेतला.

कुणाला काय सांगू? विट्याच्या दवाखान्यात आम्हा नवराबायकोच्या हातावर क्षयाच्या तपासणीची सुई टोचली होती. माझा हात लाल होऊन सुजला, ह्यांचा सपाटच राहिला. सासूबाईंनी लगेच निवाडा केला, "रोग हिच्यात हाय. माझा ल्योक सोनं गाळायच्या भट्टीच्या धुरानं खोकतोय." आणि मला माहेरी धाडलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बसवून वेगळंच सांगितलं होतं. क्षयाचे जंतू माझ्याही अंगात आहेत, पण माझं अंग त्यांना दाबून ठेवतंय, म्हणून सूज आली. ह्यांच्या अंगात सुजायचीसुद्धा ताकद राहिली नाही. एचआयव्हीनं ती संपवली, आणि दबलेला क्षय उठला.

हे सगळं ह्यांनी ऐकलं. तरी सासूबाई बोलत होत्या तेव्हा मान खाली घालून बसले. मला राग त्या गप्प बसण्याचा आहे, आजाराचा नाही. खरंच नाही?

एचआयव्हीच्या तपासणीला माझंही रक्त नेलंय. निकाल यायचाय.

आई चुलीपाशी गेल्यावर सुजेची जागा अंगठ्यानं दाबली. दुखली नाही. मग जोरात दाबली. जरा तरी दुखायला हवं होतं.