माझ्याच सहीने सत्तरीला पोहोचलेली एक्केचाळीस माणसे

प्रति,
मा. संचालक,
वार्धक्यरोग संशोधन प्रशिक्षण केंद्र,
मुंबई.

अर्जदार : डॉ. मृणाली पुंडलिक मोकल, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, खारसोनवड, ता. पेण, जि. रायगड.

विषय : ज्या निष्कर्षावर प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली तो निष्कर्ष साफ चुकला असून निवड मात्र कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : आपले निवडपत्र दि. ३ ऑक्टोबर १९९७ (फ्रेम करून लावले होते, आता उतरवले आहे).

महोदय,

१. विषय वाचून आपण चष्मा पुसत असाल तर तो पुन्हा लावावा, विषय बरोबरच लिहिला आहे. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला म्हातारपणाच्या आजारांवर संशोधन करायला शिकवणारे आपले तीन वर्षांचे प्रशिक्षण, त्यात मला जागा मिळाली ती एका पाहणीवरून. खारसोनवडच्या मिठागरांत आयुष्य घालवलेली एक्केचाळीस म्हातारी माणसे मी तपासली. कागदोपत्री सत्तरीची ही माणसे हात न टेकता खुर्चीवरून उठत आणि खाडीच्या बांधावर मला मागे टाकत. तुलनेसाठी रोह्यातले, आखातात नोकरी करून परतलेले अडतीस गृहस्थ घेतले, तर ते साठीतच गुडघे धरून बसलेले. मिठागर म्हातारपण दहा-पंधरा वर्षे लांबवते, असे मी लिहून मोकळी झाले. आपल्या समितीने त्यावर ‘विलक्षण’ असा शेरा मारला. त्या दिवशी मी दवाखान्यात पेढे वाटले, मधुमेहाच्या रुग्णांनासुद्धा अर्धा अर्धा.

२. निवडपत्रातील अट क्र. ७ नुसार प्रत्येकाच्या वयाचा पुरावा हवा होता. मी गावात निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणांनी वयाचे दाखले आणून टेबलावर ठेवले. मला अगदी भरून आले. मग मी दाखल्यांखालची सही पाहिली. ती माझी होती.

३. याबाबत खुलासा असा की, तीन वर्षांपूर्वी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात निराधारांच्या अनुदानासाठी वयाचे दाखले देण्याचे शिबिर लागले. पासष्ट पूर्ण असणे आवश्यक होते. आमच्या खाडीकाठी जन्मतारीख लिहून ठेवण्याची रीत नाही आणि वय हे डॉक्टरने तपासून सांगायचे असते अशी लोकांची प्रामाणिक समजूत आहे. मी गोदूबाईंना वय विचारले तर त्या म्हणाल्या, “ते तूच सांग गो, डाक्टर कशाला झालीस?” रापलेले चेहरे आणि मिठाने फुटलेल्या टाचा पाहून मी अडुसष्ट, सत्तर, बहात्तर असे लिहीत गेले. दत्तात्रेय नावाचे गृहस्थ म्हणाले, “चार आनखी टाक बाय, कमी पडाया नको.” मी टाकली. पुढे त्याच आकड्यांवर मी संशोधन केले आणि ही माणसे एवढी तरुण कशी म्हणून थक्क झाले.

४. निदान रोहा तरी शाबूत असेल या आशेने मी तिकडे धावले. त्या सर्वांकडे पासपोर्ट होते, छापील जन्मतारखेसह. नूरमहंमद चाचांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितले, “डाक्टरबाय, पासपोर्टातला नूरमहंमद एकसष्टचा हाय, आन् तुज्यासंगं चाय पितो तो बहात्तरचा.” तरुण माणसाला काम लवकर मिळे म्हणून एजंटाने वय उतरवलेले होते. बाकीच्यांनीही हसत हसत माना डोलावल्या.

५. त्यानंतर मी बांध फुटला तेव्हा, चरीच्या शेतकऱ्यांचा संप झाला तेव्हा, जंगल सत्याग्रह झाला तेव्हा तुम्ही जन्मला होतात का, केवढे होतात, असे विचारत महिनाभर फिरले आणि सर्वांची वये नव्याने काढली. खारसोनवडची माणसे सरासरी बारा वर्षांनी लहान निघाली, रोह्याची दहा वर्षांनी मोठी. दोन्ही गावे अगदी एकाच वेगाने म्हातारी होत असल्याचे आढळून येते. मिठाचा काडीचा संबंध नाही. रोह्याहून पेणला येताना एसटीत मी इतकी हसले की कंडक्टरने “बाय, बरं हाय ना?” असे विचारले. नागोठण्याला मात्र रडू आले, कारण ही जागा मला फार म्हणजे फार हवी आहे. दाखले दुरुस्त करण्यासाठी मी संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन लेखी कबुली दिली असून सध्या गावातील अकरा जण माझ्याशी बोलत नाहीत.

६. आता मूळ मुद्दा. फेरतपासणीत चाळीस जणांचे वय खाली आले, एकीचे वर गेले. पुतळीबाईंना मी सहासष्ट लिहिले होते, कारण त्या तेवढ्याच दिसतात. त्यांचा तिसरा मुलगा पोपट याचे जन्मसाल शाळेच्या रजिस्टरात १९२९ आहे. (त्या नोंदीखाली माझी सही नाही, हे मी आधी पाहिले.) म्हणजे पुतळीबाई पंच्याऐंशीच्या आत असणे शक्यच नाही. पोपटकाका काठी घेऊन चालतात आणि आई त्यांच्या सुईत दोरा ओवून देते, तेही बिनचष्म्याने. महोदय, एका बाईवरून निष्कर्ष काढू नये एवढे मी एक्केचाळीस दाखले देऊन शिकले आहे. पण प्रश्न पडला आहे आणि तो खरा आहे. तो कसा विचारायचा, काय मोजायचे, हे मला येत नाही. येत असते तर प्रशिक्षणासाठी अर्ज कशाला केला असता?

७. समिती कदाचित म्हणेल की, डॉक्टरबाईंनी आधी नीट मोजायला शिकावे आणि पुढील वर्षीच्या तुकडीत यावे. एरवी मी हे मान खाली घालून ऐकले असते. पण हा विचार मी पुतळीबाईंच्या कानावर घातला तेव्हा त्यांनी तीन वर्षे बोटांवर मोजली आणि म्हणाल्या, “तीन वर्सं व्हय? जा, शिकून ये, तवर मी हाय. चौथं मागू नको गो, ते माज्याकडं नाय.”

सबब निवड याच तुकडीत कायम ठेवावी.

आपली नम्र, आणि यापुढे सही करण्यापूर्वी वाचणारी,

(डॉ. मृणाली पुंडलिक मोकल)
खारसोनवड, ता. पेण
दि. १८ नोव्हेंबर १९९७

सोबत :
१. चुकीचा निष्कर्ष, मूळ प्रत.
२. दुरुस्त वयांची यादी (नावांऐवजी क्रमांक).
३. शाळेच्या रजिस्टरातील उतारा.
४. पुतळीबाईंचे संमतीपत्र, अंगठ्यासह. मुदत त्यांनी स्वतः सांगून घातली आहे.