चौकट पुजली तेव्हापासून

१० जून २०१९
पोचलो. कतार. दोहाच्या उत्तरेला, समुद्राच्या कडेला इवलंसं गाव. वर्ल्डकपपायी खाली लुसैल शहरात टॉवर चढतायत, आणि हे गाव महिन्याला एखाद्या घरानं वाढतं. मला आवडलं. वारा खारट, जेवणात ताजी मासळी. काम दारांच्या चौकटी बसवायचं. मिस्त्री दत्तोपंत, लातूरचे. आल्या आल्या टोमणा मारला, लेका, पुण्यात टिकला नाहीस, सुरतेत टिकला नाहीस, इथं काय दिवे लावणार? म्हणलं, बघू.

१२ जून
पहिली चौकट उभी केली. आमच्याकडं पुजल्याशिवाय बसवत नाहीत. इथं मालकाचा पत्ता नाही, मग मीच हळदकुंकू लावलं, पिवळ्या फडक्यात सुपारी बांधून वर अडकवली. दत्तोपंत ओरडलेच. येड्या, चौकट पुजतो तो घरधनी! झालास मालक! मग स्वतःच हसले. मीपण. इथं कोण राहतंय, करार संपला की चाललो.

१६ जून
त्या घराला गिलावा झालाय. आम्ही केला नाही. आमचा ड्रायव्हर युसुफ म्हणतो, दुसरी गँग आली असेल. इथं दुसरी गँगच नाही.

१९ जून
उन्हामुळं दुपारी काम बंद. सावलीला त्या घरात शिरलो. मागं एक खोली वाढलीय, भिंत ओली. आत दोन ताटं वाढलेली, भाकरी गरम. खिडकीत हिरव्या बांगड्या.
दत्तोपंतांना सांगितलं. हसले नाहीत. हळूच म्हणाले, पूजा जोडीनं करायची असते रे. तू एकट्यानं केलीस.

२१ जून
दत्तोपंत म्हणाले, ते फडकं मीच सोडून टाकतो, मग तू मोकळा. गेले. आले ते मान खाली घालून. म्हणाले, मालक, पुढची खोली कुठं घालू?
म्हणलं, काका, थट्टा नको—
वर बघितलंच नाही त्यांनी.

२२ जून
सगळी गँग मालक म्हणते. सोबत जेवत नाहीत — माझं होईपर्यंत उभे राहतात. घरं वाढलीत. प्रत्येक चौकटीला पिवळं फडकं. मी एकच बांधलं होतं. एकच.

२३ जून
युसुफच्या पाया पडलो. लुसैलला सोड म्हणलं. यल्ला, चल, गाडीत बस म्हणाला. तोच एक अजून नावानं हाक मारतो.
गाडीत लिहितोय. समुद्र डावीकडं पाहिजे — उजवीकडं आहे. टॉवर नाहीत. नुसती बुटकी घरं, दोन्ही बाजूंनी—
युसुफला विचारलं. म्हणाला, घरी नेतोय, मालक.
गाडी थांबली. तो बाहेरून दार उघडतोय, मी आतून धरलंय — बांगड्या वाजल्या. बाई विचारतीय, मराठीतच, इतका उशीर? चला, पाय धु—