उत्तरेची बाजू

दि. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. तू पाठवलेलं मालिशचं तेल मिळालं. गुडघ्यांना खरंच आराम पडला. एवढं आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाईट वाटणार आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी गुडघे फार ठणकत होते, म्हणून तेल चोळून मगच राखणीला निघाले. पालट झाला, म्हणजे हल्ली होतो तसा झाला. पूर्वी चंद्र वर आला की मी पापणी लवायच्या आत अख्खी लांडगी व्हायचे. आता किती वेळ कण्हत पडावं लागतं, आणि या खेपेला तर शेपूट आलंच नाही. तरी माथ्याची आपली उत्तरेची बाजू फिरले आणि हद्दीच्या प्रत्येक दगडावर आपल्या घराचा वास सोडला. खिंडीत बाकीच्या बाजूंचे राखणदार भेटले. एरवी मानगूट हुंगून पुढे जातो, पण या वेळी मला कुणी ओळखलंच नाही. अंगाला नुसता दवाखान्याचा वास. पूर्वेची बाजू राखणाऱ्या थोरल्या काकांनी परकी समजून मला खालच्या कुंपणापर्यंत पिटाळलं आणि दंडाचा लचका तोडला.

सकाळी माणसात आल्यावर पट्टी बांधायला काकाच बसले होते. जखम माझी आणि रडणं त्यांचं. शेवटी मीच त्यांची समजूत काढली.

पट्टी बांधता बांधता त्यांनी विषय काढला. म्हणाले, तुझ्याच्याने आता ही बाजू होत नाही. पण एका घराची बाजू दुसऱ्या घराला राखता येत नाही, दगडाला त्या घराच्या रक्ताचाच वास लागतो. धाकट्या, आपल्या घराच्या रक्ताचे आता तू आणि मी. मी काही मागत नाही. थकले आहे, एवढंच कळवते.

कळावे. लोभ आहेच, तो या मोडक्या गुडघ्यांसकट चालवून घ्यावास.
तुझी ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. वास जरा उग्र आहे हे दुकानदार सांगत होता आणि मी चालेल म्हणून मोकळा झालो. आपल्या घरात जन्मून वासाचा विचार करू नये म्हणजे कमाल झाली. ही म्हणाली की असला गाढवपणा लांडग्यांनाच जमतो.

दंड कसा आहे? डॉक्टरला दाखव. कुत्रा चावला म्हणून सांग, काकांना कळू देऊ नकोस.

बाकी यायचं म्हणशील, तर कसा येऊ? इतकी वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतोय. वाफेने आणि ब्लीचने माझ्या अंगाला स्वतःचा वासच उरलेला नाही. पौर्णिमेला ही मला मागच्या खोलीत कोंडते, बाहेरून कडी घालते आणि सकाळी चहा घेऊन दार उघडते. मालकाला अर्धशिशी सांगितली आहे, तो बिचारा दर महिन्याला नवं औषध सुचवतो. मागच्या खेपेला मी स्वतःचाच पंजा हुंगून पाहिला. साबणाशिवाय काही नाही. तुला लचक्यावर सोडलं, मला तर फाडून खातील. खरं सांगतो, भीती वाटते. आणि एकदा बाजू घेतली की सुटका नाही, हेही कळतं. तुझा जन्म त्यात गेलेला मी पाहिला आहे.

एखादं वर्ष ओढता येईल का? रागावू नकोस.

पत्राची वाट पाहतो. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.
तुझा धाकटा

दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. वर्ष कसलं ओढायला सांगतोस. त्या रात्री मी दगडांवर सोडला तो वास आपला नव्हताच, तो तेलाचा होता. आपल्या वासाला माणूस भितो आणि कारण न कळता माघारी फिरतो. तेलाला कोण भिणार? महिनाभर आपली बाजू उघडी पडली. गेल्या आठवड्यात पाठीला पिशव्या लावलेली टवाळ पोरं गाणी म्हणत दगड ओलांडून गेली. दिवसा आपणही माणसंच, दगडांपलीकडे पाऊल टाकायची काकांनासुद्धा बंदी. ते खालून घसा फोडत राहिले. पोरांनी हात हलवले आणि माथ्यावर जाऊन आली.

माथ्यावर माणसाचं पाऊल पडलं की झरे आटतात, हे आपण बोलायला लागायच्या आधीपासून ऐकलं. आता पाहिलं. खालच्या आळीचा झरा करंगळीएवढा झाला आहे. बायका तासन्‌तास कळशा घेऊन बसतात आणि मी गेले की बोलणं थांबतं.

या पौर्णिमेला तेल न लावता निघाले. तर फक्त कान आले, आणि थोडेसे दात. काठी टेकत दोन पायांवर, दगडांच्या बाहेरूनच हद्द फिरायला लागले. दगडांना वास लागला की नाही, कुणास ठाऊक. अर्ध्यात बसले ती बसलेच. सकाळी काका शोधत आले आणि मला पाठीवर घेऊन उतरले. तेही त्यांच्या वयात.

तुला बोल लावत नाही. पण वर्ष ओढ असं पुन्हा लिहू नकोस.

जास्त लिहवत नाही. माया आहे, ती धरून चाल.
तुझी ताई

दि. ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. येतो.

मालकाशी बोललो. वाफेच्या खोलीतून चादरी पोचवायच्या गाडीवर गेलो. साबण बंद, नुसत्या पाण्याने आंघोळ. ही नाक दाबून ताट वाढते आणि लग्नाच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून कुरकुरते. पण नुसत्या घामाने भागायचं नाही. तुझं रोजचं पांघरूण पाठव, पौर्णिमेपर्यंत मी त्यातच झोपतो. आणि कृपा करून ते धुऊन, घडी घालून पाठवू नकोस. तुझी सवय माहीत आहे.

ही सोबत येते आहे. तिचं म्हणणं, नोकरी सोडायची नाही, दर पौर्णिमेला गाडीने यायचं आणि जायचं. थकशील, म्हणाली, पण आत कोंडून घेऊनही थकतोसच. मग मी दोन तिकिटं काढली.

भीती गेलेली नाही. पण काकांनी तुला पाठीवर आणलं हे वाचल्यापासून मला धड झोप नाही.

भेटीत बोलूच. तोवर स्वतःला जप, एवढीच विनंती.
तुझा धाकटा

दि. ४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि. त्या सकाळी तू माझ्या नजरेला नजर दिली नाहीस आणि चहासुद्धा न घेता गाडीला पळालास. म्हणून हे पत्र.

काकांनी तुझी मानगूट पुन्हा पुन्हा हुंगली आणि मग वाट सोडली, हे आम्ही दोघींनी कुंपणाबाहेरून पाहिलं. तुझ्या बायकोने माझा हात इतका आवळला होता की नखं उमटली. मोठी धीराची आहे, तिला सांग. एकही दगड चुकला नाही, हे काका सगळ्यांना सांगत सुटले आहेत. झरा अजून बारीकच आहे, पण आटायचा थांबला.

मला त्या रात्री पालट झालाच नाही. कानसुद्धा नाहीत. तुझ्या बायकोला घरी धाडलं आणि तुला जवळून पाहावं म्हणून आपल्या पहिल्या दगडापर्यंत चढले. तू आलास, मला ओळखलंस, तुझं शेपूट हललं. मला इतका आनंद झाला की जन्मभराच्या सवयीने मी दगड ओलांडून आत आले. तू माझ्या पायांकडे पाहिलंस, माणसाच्या, आणि दात काढून गुरगुरलास. मी तुला हाक मारली, तर झेप घ्यायला दबा धरलास. मी मागे सरले. कुंपणाची कडी लावेपर्यंत तू माझ्या मागे होतास.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्यांना हाकलत आले त्यांतलीच एक झाले. आता तो माथा मला पुन्हा दिसायचा नाही. वाटेत बसून पोटभर रडले. मग घरी आले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा पौर्णिमेच्या रात्री अंथरुणावर आडवी झाले, ती उन्हं अंगावर येईपर्यंत उठले नाही.

तेव्हा खाली मान घालून येऊ नकोस. पुढच्या पौर्णिमेला मी चुकून दगडापलीकडे दिसले, तर असंच हाकल.

आशीर्वाद आहेच. चहा मात्र घेऊन जात जा.
तुझी ताई