खुशाल येईस्तोवर पिलं जगव

सत्यशीला बाई, जय भीम.

शाळेतून आलीस की आधी माशांच्या काचपेटीकडे जा, पदर मग खोच. दहा वाजता लाईट गेली. हिटर बंद आहे आणि हे डिस्कस मासे गार पाण्यात टिकत नाहीत. धानाचं बी रुजवताना देतो तशी ऊब धरावी म्हणून पेटीभोवती तणसाचा पेंढा आणि माझं घोंगडं गुंडाळलं आहे. वरून झाकू नकोस, त्यांना हवा लागते. चुलीवर गंजात पाणी आहे. तापवून बाटल्यांत भर, बुचं घट्ट लाव आणि पेटीत सोड. गार झाल्या की बदल.

आज पिलं पोहायला लागली. आईबापाच्या अंगाला चिकटलेली दिसतील. त्यांच्या अंगावरचा चिकटा हेच पिलांचं दूध, असं खुशाल सांगत होता. वेगळी करू नकोस.

मागच्या खेपेला तू पेटीचा दिवा मालवलास, मासे बिचकले आणि आपलीच अंडी खाऊन बसले. खुशाल तुझ्यावर ओरडला, "तुले काय समजते?" तू म्हणालीस, "मंग माशासंगच संसार कर." पंधरा दिवस झाले, तो वडस्यालाच आहे. मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं.

आता त्याला आणायला निघालो आहे. घरी चल म्हटलं तर येणार नाही. पिलं निघाली, सत्यशीला सांभाळते आहे म्हटलं तर उद्याच्या गाडीनं येईल. मला खोटं पाडू नकोस.

तूच शिकवलेली अक्षरं आहेत. चुका मागून काढ, आधी बाटल्या भर.

तुझा सासरा देवाजी