सहावी नळी

३ जून
बोळिंजच्या रक्तपेढीत आज रुजू झाले. निवृत्त होऊन घरी डाळी निवडण्यापेक्षा हे बरं. चहा चांगला मिळतो, टेक्निशियन रिद्धी हसरी आहे. रक्तदात्यांच्या एचआयव्ही तपासणीचं स्वस्त किट आलंय. ते खरं बोलतं का, हे मी ठरवायचं. मालक धनेशला हे सहा नळ्यांत उरकायचंय. इतक्या कमी नळ्यांवर निकाल दिला म्हणून कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी कान पिळला असता. पहिल्या नळीत बाधित रक्त, पुढच्या चारांत निर्दोष. सहावीत माझं. लॅबवाल्यांची जुनी खोड, निर्दोष म्हणून स्वतःचंच रक्त लावायचं. पट्टीवर एक रेघ म्हणजे निर्दोष, दोन म्हणजे बाधित. किट सहाही वेळा बरोबर.

४ जून
त्याच नळ्या पुन्हा तपासल्या. पहिली निर्दोष, दुसरी बाधित. नळ्या बदलल्या म्हणून रिद्धीला झापलं. मॅडम, मी हात पण नाय लावला, म्हणाली. फ्रिजमधल्या नळ्यांच्या कप्प्याला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे.

५ जून
आता तिसरी. पेढीतल्या जुन्या मशीनवर तपासलं, तरी तेच. रक्त एकमेकांत मिसळलं असतं तर पहिल्या दोन्ही बाधितच राहिल्या असत्या. त्या स्वच्छ कशा झाल्या?

६ जून
चौथी. धनेशला सांगितलं. आंटी, चष्मा बदला, म्हणाला. मूर्ख. किट खोटं बोलत नाही, हीच तर अडचण आहे.

८ जून
पाचवी. काल रविवार, पेढी बंद. तेही थांबलं होतं.
दमलेय. आजाराची भीती नाही. गोळ्या घेऊन माणसं नातवंडं खेळवतात. बंद बुचातून जे चालत येतं, त्याची —

९ जून
सहावी. माझी.
बोट टोचून पाहिलं. बोटातलं स्वच्छ. नळीतलं नाही. रक्त तेच.
नळ्यांखालच्या बिनकुलपाच्या कप्प्यात रक्तदान शिबिरातल्या रक्ताच्या पिशव्या. आज तपासल्या, सगळ्या स्वच्छ. हलवू नका, पाठवू नका, असं धनेशला बजावलं.

१० जून
सहाही स्वच्छ.
पिशव्या नाहीत. धनेशनं सकाळीच इस्पितळात पाठवल्या. कालचा रिपोर्ट क्लिअर होता ना, म्हणतो. इस्पितळात फोन केला. एक पिशवी बाळंतिणीला लावलीय — थांबवा म्हटलं, कारण विचारतात. काय सांगू?
ते पिशव्यांत गेलं. नाहीतर माझ्यात, शेवटची नळी माझ्याच रक्ताची. तिसरी जागा नाही.
बोट टोचलंय. पट्टी समोर आहे. पहिली रेघ आली.
देवा, दुसरी येऊ दे. माझ्यात असू दे — अजून कोरी — अजून —